बघणाऱ्यांच्या बाजूचे बिराजदार सर

बिराजदार सर आयुष्यात कबड्डीचा एकही डाव खेळले नव्हते. हे ते स्वतःच सांगायचे, आणि कुणी विचारायच्या आधीच सांगायचे. "आपला दम जिना चढंपर्यंतच," असं म्हणून पोटावर हात ठेवायचे. अंगानं भरलेले, जाड काचांचा चष्मा, कायम पांढरा शर्ट. आमच्या संस्थेच्या मुरुडच्या शाळेतून बदली होऊन ते मुदखेडला इंग्रजी शिकवायला आले. मी मराठी शिकवायचो. शिक्षकांच्या खोलीत आमचं टेबल एकच होतं.

पहिल्या काही महिन्यांत त्यांच्याबद्दल एवढंच कळलं की हा माणूस रविवारी घरी नसतो. कधी उदगीर, कधी हदगाव, कधी कंधारकडचं एखादं खेडं. जिथं कबड्डीचे सामने असतील तिथं सर एसटीनं जायचे आणि सोमवारी येऊन त्याबद्दल सांगायचे. पण ते जे सांगायचे त्यात खेळ फारसा नसायचा. हदगावला पाठीमागं भिंत होती, टेकायला बरं पडलं. उदगीरला पाण्याची टाकी मैदानाच्या पार पलीकडं, पाण्याला गेलं की जागा गेली. एका गावात बसायला टाकलेली ताडपत्री दुपारी इतकी तापली की लोक उकिडवे बसून होते. एकदा कुणीतरी विचारलं, "पण सर, जिंकलं कोण?" त्यांनी जरा आठवून बघितलं आणि म्हणाले, "पेपरात आलं असंल की ते."

आम्ही त्यांना थोडं विक्षिप्त समजायचो. बाकी शिकवणं चोख होतं, कुणाच्या अध्यात-मध्यात नसायचे. डबा उघडला की आधी समोरच्याला विचारायचे. चहाला मात्र कधी नाही म्हणायचे नाहीत.

संक्रांत झाली की आमच्या शाळेच्या मैदानावर कबड्डीचे सामने भरायचे. भरवणारं मंडळ गावातलं. त्याचे अध्यक्ष माणिकराव, एके काळचे नावाजलेले चढाईपटू, आता गुलाबाची मोठी शेती असलेले. मैदानाच्या बदल्यात मंडळ शाळेला मान द्यायचं आणि शिक्षकांकडून कामं करून घ्यायचं. मराठीचा शिक्षक म्हणून माइक माझ्या गळ्यात पडला होता. बिराजदार सरांना कुणी बोलावलं नव्हतं. मी बैठकीला निघालो तेव्हा ते माझ्याबरोबर चालत आले आणि मागच्या खुर्चीवर बसले.

बैठकीत संघ, बक्षिसं, पंच, खेळाडूंचं जेवण, पाहुणे कोण बोलवायचे हे सगळं बोलून झालं. उठायच्या वेळेला सरांनी विचारलं, "आणि बघायला येणाऱ्यांचं काय?"

माणिकरावांना प्रश्नच कळला नाही. "त्याईचं काय? ते येतेत."

"येतेत म्हणूनच विचारलो की."

मग सर बोलत राहिले. आवाज न चढवता, वर्गात धडा समजावून सांगावा तसे. तुमच्या मैदानावर अर्धे लोक दिवसभर डोळ्यांवर हात धरून बसतात, कारण ऊन समोरून येतं. मागच्यांना दिसत नाही म्हणून ते ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर चढतात. ट्रॉल्यांच्या मागच्यांना काहीच दिसत नाही. गुण किती झाले हे फक्त टेबलावरच्या लोकांना कळतं. खेळाडूंचा सगळा इंतजाम तुम्ही करता, ते ठीकच आहे. पण मैदान भरलं म्हणून तुम्ही छाती काढता ते ज्यांच्यामुळं, त्यांना तुम्ही साधं पाणी विचारत नाही.

माणिकराव मनानं मोकळे होते. ते हसले आणि म्हणाले, "घ्या सर, मंग तुमीच बघा. आजपासून तुमी बघ्यांचे प्रमुख."

"बघे नव्हं," सर म्हणाले. "बघे अपघाताला जमतेत. हे बघणारे."

पुढचा आठवडाभर शाळा सुटायच्या वेळेला एक दृश्य रोज दिसायचं. डोक्यावर रुमाल टाकलेले बिराजदार सर रिकाम्या मैदानाच्या एका कोपऱ्यात मांडी घालून बसलेले. जरा वेळानं उठायचे, दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसायचे. तिथून मध्यरेषेकडं बघायचे. रस्त्यानं जाणारे-येणारे थांबून पाहायचे आणि हसत पुढं जायचे.

मग त्यांनी रेषा आखलेलं क्रीडांगणच फिरवायला लावलं. माणिकरावांनी बरीच खळखळ केली. ते स्वतः खेळायचे तेव्हापासून त्या रेषा तशाच आखल्या जात होत्या. सरांचं म्हणणं असं की चढाई करणारा अर्ध्या मिनिटात परत येतो, बघणारा दुपारभर तिथंच असतो. ऊन डोळ्यांवर घ्यायचं असेल तर खेळणाऱ्यानं घ्यावं. शेवटी रेषा फिरल्या. माणिकरावांचाच ट्रॅक्टर लावून मागच्या बाजूची माती वर ओढून घेतली, तिचा बसका उतार केला, म्हणजे मागं बसलेल्याला पुढच्याच्या डोक्यावरून दिसावं. चारी बाजूंना पाण्याचे रांजण ठेवले. शाळेचे जुने फळे जोडून त्यावर चुन्यानं गुण लिहायची सोय केली. ट्रॉल्या फाटकाबाहेर गेल्या.

मलाही त्यांनी सोडलं नाही. मी माइकवरून गुण जाहीर करायचो, त्यावर ते म्हणाले, नुसता आकडा सांगू नका, गुण का मिळाला ते सांगा. मी सांगू लागलो. पहिल्याच दिवशी खेड्यावरनं आलेला एक म्हातारा सामना संपल्यावर माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, इतके वर्षं बघून राहिलो पण बोनस कशाला म्हणतेत ते आज कळलं. मी सरांकडं बोट दाखवलं. सर रांजणात पाणी आहे का ते बघत होते.

आणखी एक गोष्ट त्यांनी करायला लावली. मुदखेड जंक्शनचं गाव. सामने बघायला अर्धे लोक पॅसेंजरनं येतात आणि संध्याकाळच्या पॅसेंजरनं जातात. दिवसाचा शेवटचा सामना गाडीच्या आत संपला पाहिजे, हा सरांचा आग्रह. त्यासाठी पाहुण्यांची भाषणं आधी आखडली, मग गेलीच. माणसाला शेवट न बघता उठावं लागणं म्हणजे त्याला जेवणावरून उठवल्यासारखं आहे, असं ते म्हणायचे.

बायकांच्या जागेचं प्रकरण त्याच वर्षीचं. शाळेच्या इमारतीजवळची सावलीची बाजू सरांनी दोर लावून वेगळी केली, सतरंज्या टाकल्या आणि मुख्याध्यापकांच्या मागं लागून मुलींच्या स्वच्छतागृहाचं कुलूप काढून घेतलं. माणिकराव म्हणाले, "बाया कुठं कबड्डी बघतेत सर?" सर म्हणाले, जागा नाही म्हणून बघत नाहीत. पहिला दिवस ती जागा पूर्ण रिकामी राहिली. दुपारपर्यंत गडीमाणसं दोराखालून आत सरकायला लागली, त्यांना सरांनी दोनदा बाहेर काढलं. मंडळातले लोक एकमेकांकडं बघून हसत होते.

दुसऱ्या दिवशी पहिला सामना सुरू होताना कमलवहिनी आल्या. सरांच्या पत्नी. हातात कापडी पिशवी, पाण्याची बाटली. त्या फाटकातून सरळ चालत आल्या, दोर उचलून आत गेल्या आणि त्या मोठ्या मोकळ्या जागेच्या बरोबर मधोमध बसल्या. एकट्या. मी माइकवर होतो, मला सगळं मैदान दिसत होतं. बराच वेळ मैदान खेळाकडं नाही, त्यांच्याकडंच बघत होतं. सर पलीकडच्या बाजूला होते. ते तिकडं फिरकले नाहीत. वहिनी शेवटच्या सामन्यापर्यंत बसल्या, मग पिशवी उचलून निघून गेल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. त्या दिवशी त्यांच्या शेजारी आमच्या शाळेतल्या दोघी शिक्षिका बसलेल्या मी बघितल्या. मग मुलींच्या शाळेतल्या मुली आल्या. शेवटच्या दिवशी फुलं तोडणाऱ्या बायका आल्या. त्यांचं काम पहाटे सुरू होऊन सकाळीच आटोपतं, दुपार मोकळी असते, हे आम्ही रोज बघत होतो. ते कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं एवढंच. त्या आल्या आणि सतरंज्या कमी पडल्या.

पुढं एकदा सरांकडं चहाला गेलो असताना मी तो विषय काढला. सर आत कपबशा शोधत होते. वहिनींनी सांगितलं की त्या निलंग्याच्या, शाळेत असताना कबड्डीत कोपऱ्यावर खेळायच्या, जिल्ह्यापर्यंत गेल्या होत्या. लग्न ठरताना यांना एवढंच विचारलं होतं की सामने बघायला न्याल का. हे हो म्हणाले. दोनदा नेलं. दोन्ही वेळेला बायकांना उभं राहायलासुद्धा जागा नव्हती, फाटकापासून दोघं परत आले.

"दुसऱ्यांदा परत येताना यांना लई वाईट वाटलं," वहिनी म्हणाल्या. "मला काही तेवढं वाटलं न्हवतं. यांनी मात्र धरून ठेवलं."

सर कप घेऊन बाहेर आले आणि त्यांनी विषय बदलला.

दुसऱ्या वर्षी सोफ्यांचा प्रश्न आला. मुदखेडात फुलांची ददात नाही, त्यामुळं सत्कारांचीही नाही. पाहुण्यांसाठी पहिल्या रांगेत मध्यरेषेसमोर सोफे मांडले जायचे आणि त्यांच्या मागं जमिनीवर बसलेल्यांना दिवसभर सोफ्याची पाठ दिसायची. सरांनी सोफे उचलून मातीच्या उतारावर, वरच्या कोपऱ्यात नेऊन ठेवले. त्या दिवशी जिल्ह्यातले एक बडे पुढारी यायचे होते. ते आले, त्यांना कोपऱ्याकडं नेलं, हार घातला, ते बसले. तिथून त्यांना उठून जाणं अवघड होतं, कारण मधून वाटच नव्हती. ते शेवटपर्यंत बसले आणि जाताना काही न बोलता गाडीत बसले.

माणिकराव तेव्हा पहिल्यांदा सरांवर नाराज झाले. मी म्हणालो, साहेब काही बोलले तर नाहीत. ते म्हणाले, "तेच तर. बोलले असते तं बरं झालं असतं."

तिसऱ्या वर्षी सामन्यांचा लौकिक वाढला होता. परभणी, हिंगोलीकडूनही लोक येऊ लागले. मातीचा उतार पुरेना. माणिकरावांनी लोखंडी पाइप आणि फळ्यांची गॅलरी उभी करून घेतली. मैदानाच्या एका बाजूला चढत गेलेल्या ओळी, वर रंगीत कापड. गावात एवढी उंच गॅलरी आधी कुणी बघितली नव्हती. लोक सामना नसतानाही वर चढून बसायचे.

अंतिम सामना आमच्या भागातला एक संघ आणि लातूरकडचा एक संघ यांच्यात होता. गॅलरी दुपारीच भरली. नंतरही लोक चढत राहिले, ओळींच्या मधल्या वाटांवर बसले, वरच्या कठड्यावर बसले. उत्तरार्ध सुरू झाला तेव्हा आमचा संघ थोडा पुढं होता. मैदान इतकं गरजत होतं की माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. त्यात मला गॅलरीच्या खाली, पाइपांच्या जंगलात, एक पांढरा शर्ट हिंडताना दिसला.

थोड्या वेळानं सर वर आले, थेट माणिकरावांपाशी गेले. मी बाजूलाच होतो. क्रीडांगणावर मारलेलं टँकरचं पाणी वाहत जाऊन गॅलरीच्या एका बाजूच्या पायाशी साचलं होतं, तिथली माती मऊ झाली होती, आणि वर लोक उठले-बसले की त्या बाजूचा पाइप हलत होता. खेळ थांबवा आणि लोक खाली घ्या, असं त्यांचं म्हणणं. मंडपवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, याच्या दुप्पट माणूस बसलेला आहे हिच्यावर, काही होत नाही. माणिकरावांनी मैदानाकडं बघितलं. ते म्हणाले, थोडाच खेळ राहिला आहे, संपू द्या, मग उतरवू.

"संपल्यावर सगळे एकदम उठतेत," सर म्हणाले. मग ते माझ्याकडं वळले, हात पुढं केला. मी माइक दिला.

"मी बिराजदार बोलतोय," ते म्हणाले. "पंचांना विनंती, खेळ थांबवा. गॅलरीवरच्या लोकांनी खाली उतरायचं आहे. आधी खालची ओळ, मग तिच्यावरची. घाई करू नका, उड्या मारू नका. सगळे उतरून बसल्याशिवाय खेळ सुरू होणार न्हाई. कुणाचं काही बघायचं राहणार न्हाई."

पंचांनी गोंधळून शिट्टी वाजवली. त्यावर जो ओरडा उठला तो मी विसरलेलो नाही. वरून शिव्या आल्या, भुईमुगाची टरफलं आली, एक चप्पल टेबलावर येऊन पडली. सरांनी तेच वाक्य, त्याच आवाजात पुन्हा म्हटलं. मग पुन्हा. लोक उतरायला तयार नव्हते, पण खेळही सुरू होत नव्हता. शेवटी खालची ओळ उठली. मग वरची. सर माइक धरून उभे होते. कुणी मधून उडी मारायला लागला की त्याच्या सदऱ्याचा रंग सांगून त्याला बसवायचे. गॅलरी रिकामी व्हायला फार वेळ लागला. पॅसेंजर गेली. ऊन उतरलं. खेळाडूंची अंगं थंड पडली.

खेळ पुन्हा सुरू झाला आणि आमचा संघ हरला.

गॅलरी पडली नाही. रात्रभर तशीच उभी राहिली. दुसऱ्या दिवशी मंडपवाल्याची माणसं येऊन तिचे पाइप मोजून घेऊन गेली. आणि बिराजदार सर मूळचे मुरुडचे, म्हणजे लातूरकडचे, हे गावाला त्याच संध्याकाळी आठवलं. आपला संघ जिंकत होता म्हणून लातूरवाल्यानं खेळ मोडला, ही गोष्ट चहाच्या टपरीवर, सलूनमध्ये, शाळेच्या वऱ्हांड्यात बरेच दिवस फिरत होती. माणिकरावांनी ती स्वतः कधी म्हटली नाही. खोडलीही नाही. पुढच्या वर्षी बैठकीचा निरोप सरांना आला नाही.

त्या दिवसांत वर्गात शिरताना सरांना फळ्यावर काही काही लिहिलेलं दिसायचं. ते फळ्याच्या उरलेल्या जागेत धडा लिहायचे. मी एकदा मधल्या सुट्टीत त्यांना विचारलं, तुम्हाला खात्री होती का? त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

"न्हाई. खात्री न्हवती."

"मग?"

"खात्री झाली असती ना सर, तेव्हा बोलायची गरजच राहिली नसती."

पुढं त्यावर ते कधी बोलले नाहीत. दुखावले असतील, पण त्यांच्या तोंडून मी माणिकरावांबद्दल वाईट शब्द ऐकला नाही. सामन्यांना मात्र दरवर्षी यायचे. वहिनी त्यांच्या जागी, हे मातीच्या उतारावर, इतर लोकांत. कुणी ओळख दाखवली तर हात वर करायचे. क्रीडांगण फिरवलेलं तसंच राहिलं. रांजण राहिले, बायकांची जागा दर वर्षी वाढत गेली. सोफे मध्यरेषेसमोर परत आले. नव्या पोरांना वाटायचं, सगळं पहिल्यापासून असंच आहे. त्यांना कुणी काही सांगितलं नाही, आणि सरांनी तर नाहीच.

निवृत्त झाल्यावर ते मुरुडला गेले. अधूनमधून फोन व्हायचा. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, बसलं की लवकर उठता येत नाही, असं एकदा म्हणाले.

मध्यंतरी एका लग्नासाठी लातूरला गेलो होतो. सरांना कळवलं, तर म्हणाले, उद्या मुरुडला मुलींचे सामने आहेत, जेवायलाच या, तिघं मिळून जाऊ. गेलो. मैदान मोठं होतं, प्लास्टिकच्या खुर्च्या ओळीनं मांडलेल्या, एका बाजूला गुण दाखवणारा पडदाही लावलेला. आम्हाला मधल्या रांगेत जागा मिळाली. सर थकले होते. काठी दोन पायांत धरून बसले. वहिनी खेळ बघताना अजून तशाच गप्प असायच्या, फक्त पकड सुटली की जिभेनं हलका आवाज करायच्या.

शेवटच्या सामन्यात दोन्ही संघ बरोबरीत आले. काही क्षणांचा खेळ उरला होता आणि एक लहानखुरी मुलगी चढाईला निघाली. पुढची रांग उभी राहिली. मग तिच्या मागची. मग सगळं मैदानच उभं राहिलं. मीही उठलो, वहिनीही उठल्या. सरांना उठता येत नव्हतं. त्यांच्या समोर माणसांची भिंत झाली होती. मी पुढच्या माणसाच्या खांद्याला हात लावणार, तोच सरांनी माझी बाही धरली.

"राहू द्या सर," ते म्हणाले. "मॅच चांगली चाललीय."

वहिनींनी मैदानावरची नजर न काढता त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. माझं लक्ष सरांकडंच होतं. ती मुलगी आत शिरली असावी, कारण आवाज एकदम थांबला. सर मान वर करून समोरच्या पाठींकडं बघत बसले होते. मग त्या सगळ्या पाठी एकदम उसळल्या, आणि सरांचा चेहरा हसला.